पोर दोनदाती झालं की मागची दाढ बघा

मी दातांचा डॉक्टर. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेतून मला गुरुजींचं पत्र आलं. शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं धनगरांची. गुरुजींचे चार प्रश्न आहेत. घरात दूध-ताक असताना या पोरांचे दात किडतात कसे? आईबाप म्हणतात, दुधाचे दात पडायचेच आहेत, मग त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे? दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बिऱ्हाड बाहेर पडतं ते मिरगापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, परतत नाही, मग इलाज करायचा केव्हा? आणि चौथा प्रश्न दुसरीतल्या एका मुलीचा. तिची खालची शेवटची दाढ पोखरली आहे, महिन्या-दीड महिन्याने गाल सुजतो आणि आजी म्हणते, "पडू दे, नवी येतीया."

गुरुजी, चौथ्यापासूनच सुरू करतो. आजीबाईंचा अंदाज चुकलाय. ती दाढ गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.

दुसरीतली म्हणजे सात वर्षांची मुलगी. दुधाचे दात एकूण वीस आणि ते अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून, चार दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. या पक्क्या दाढा. त्यांच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे काही हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. पुढचा दात पडला की पोर तो गल्लीभर दाखवतं, मग घरावर फेकतं. ही दाढ मात्र कुणाला न सांगता येते आणि घरातल्यांना ती दिसते तेव्हा तिच्यात काळं भोक पडलेलं असतं. मग सगळे म्हणतात, दुधाची आहे.

बरं, दाढ कशी असते बघा. माथ्यावर खोल खाचा. वर यायला कित्येक महिने लागतात, तोवर ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली राहते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. नव्या दाताचं कवचही अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. वर आल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत ती वाचली तर पुढे बहुतेक वाचते. म्हणजे सहा ते आठ वर्षं. तुमची पहिली, दुसरी, तिसरी.

हे मी बरीच वर्षं तक्ते दाखवून सांगत होतो. रंगीत जबडा, बाण, आकडे. लोक मान हलवायचे आणि जायचे. मग एकदा रायबागकडच्या एका उसाच्या खोडव्यात बकरी बसवली होती (परगावच्या वाचकांसाठी: इकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात), तिथे गेलो होतो. एक म्हातारे धनगर नवा पालवा (मेंढा) विकत घेत होते. त्यांनी त्याचा खालचा ओठ अंगठ्याने मागे केला, एका नजरेत पाहिलं आणि म्हणाले, "चारदाती हाय. दोन वर्साचं." विकणारा तीन महिने कमी सांगत होता, तो गप्प बसला.

मी तिथेच मांडी घालून बसलो. त्यांनी मला शिकवलं. मेंढराला पुढचे दात खालच्या जबड्यालाच असतात, वर नुसती घट्ट हिरडी. सगळे दुधाचे असतील तर ते आदत. सव्वा-दीड वर्षाला मधले दोन पडून मोठे येतात, ते दोनदाती. मग चारदाती, सहादाती आणि आठही भरले की जुळलं. एवढं त्यांच्या सहा वर्षांच्या नातवालाही पाठ होतं. तो नातू शेजारीच उभा होता, तोंड उघडं. खालचे मधले दोन दात नुकतेच नवे, करवतीसारख्या कडांचे. मी म्हटलं, बाबा, हा पण दोनदाती झालाय की. म्हातारा खो खो हसला. मग मी पोराचा गाल बोटाने बाजूला केला आणि मागची दाढ दाखवली. म्हटलं, पोर दोनदाती झालं की ही येते, आणि ही एकदा आली की पडत नाही.

त्यानंतर मी तक्ता नेणं सोडलं. माणसाच्या पोराचे खालचे मधले दोन पक्के दात सहा-सात वर्षांना येतात आणि पहिली पक्की दाढ त्याच सुमारास येते. कधी दाढ आधी, कधी दात आधी, पण फरक थोडका. तेव्हा वस्तीवर एवढंच सांगा: पोर दोनदाती झालं की मागची दाढ बघा. जन्मतारीख आधार कार्डावर वेगळी, शाळेत वेगळी आणि आजीच्या हिशेबात "कोयनेच्या भूकंपानंतर कवातरी" अशी असू शकते. दात खोटं बोलत नाहीत. धनगराला दातांचं अज्ञान आहे असं कुठलाही डॉक्टर म्हणाला तर त्याला एक मेंढरू विकत घ्यायला पाठवा.

आता दुसरा प्रश्न, पडणाऱ्या दातांवर खर्च कशाला. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांना जातात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या पोराची दाढ किडली तर तिला अजून सहा-सात वर्षं तोंडात काढायची आहेत. इतकी वर्षं पोर एका बाजूने चावतं, भाकरी सोडून चहात बुडवलेलं बटर मागतं, रात्री रडतं. आणि ती दाढ लवकर काढावी लागली तर मागून आलेली पक्की दाढ पुढे कलते, मोकळी जागा खाते. खालून येणाऱ्या दाताला वाट राहत नाही, तो वाकडा किंवा हिरडीबाहेर येतो. बैलगाड्यांच्या रांगेतली एक गाडी काढली की मागची पुढे सरकते, तसंच. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशी पू साचत राहिला तर त्याच्याखाली तयार होणाऱ्या पक्क्या दातावर डाग पडू शकतो.

म्हणून प्रत्येक किडलेला दुधाचा दात भरलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. साडेसहा वर्षांच्या पोराचा हलणारा पुढचा दात किडला असेल तर मी हात लावत नाही. दाढेबद्दल मात्र तडजोड नाही.

आता दूध-ताकाचं. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यातच खरी गोम आहे.

दुधात साखर असते, पण ती दाताला फार त्रास देणारी नाही, आणि दुधातलं कॅल्शियम व केसीन नावाचं प्रथिन दाताला आधारच देतात. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा, ताक यावर वाढलेल्या पिढीच्या तोंडात कीड कमी असायची. त्यांचे दात झिजलेले असायचे, तंबाखूने काळे असायचे, पण पोखरलेले कमी. बदल झाला तो घरात रोख पैसा येऊ लागल्यावर. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, गवळी धनगरांच्या वाड्यांवर म्हशी आहेत, पण दूध जातं डेअरीला नाही तर खव्याच्या भट्टीला. बेळगावचा कुंदा आपण आवडीने खातो, त्यातला खवा कुणाच्या तरी घरचं दूध असतो. पोराच्या वाटीत उरतो कोरा चहा, गुळाचा. मेंढपाळांकडे तर दूध कोकरांचं. बिऱ्हाडावर सकाळी वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) सोडायच्या आधी चहा, तळ हलला की चहा, दुपारी शेतमालकाकडून चहा, संध्याकाळी कोकरं पाजून झाली की चहा. पोराला प्रत्येक वेळी अर्धा कप आणि बुडवायला पाच रुपयांच्या पुड्यातली दोन बिस्किटं.

दाताचं गणित साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर चालतं. तोंडातल्या जंतूंना साखर मिळाली की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि दाताच्या कवचातला चुना विरघळायला लागतो. लाळ ते आम्ल धुऊन पूर्वस्थितीला आणते, पण तिला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्त. दिवसातून दोनदा गोड खाल्लं तर लाळ जिंकते. सात वेळा खाल्लं तर दात साडेतीन तासांहून जास्त वेळ आम्लात बुडालेला राहतो, आणि लाळेला भरपाई करायला सवडच मिळत नाही. बिस्किटाचा लगदा त्या मागच्या दाढेच्या खाचेत चिकटून बसतो, म्हणजे तिथे आम्ल अजून लांबतं. रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून झोपताना दिलेला गोड चहा किंवा साखरेच्या दुधाची बाटली सगळ्यात वाईट. दोन-अडीच वर्षांच्या बाळाचे वरचे पुढचे चार दात गळून नुसते काळे खुंट उरलेत आणि खालचे पांढरेशुभ्र आहेत, असं दिसलं की समजावं बाटली आहे. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात.

आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यात आली, ती तुम्ही तुमच्या वर्गात ताडून बघा. बिऱ्हाडाबरोबर हिंडणाऱ्या पोरांपेक्षा शिकण्यासाठी वस्तीवर आजीजवळ ठेवलेल्या पोरांचे दात जास्त खराब असतात. आईबाप सात महिने लांब, आजीला वाईट वाटतं, ती रोज दहा रुपये हातावर ठेवते. दुकान शाळेच्या दारात. माया आहे ती, तिला काय बोलणार? मी आजीला एवढंच म्हणतो, दहा रुपयांचं जे काय घ्यायचं ते एकदाच खाऊ दे, जेवणाला लागून. दिवसभर खिशात घालून चघळायला नको. उसाचं कांडं खाल्लं तरी एका बैठकीत खा म्हणावं. शेंगदाणे, फुटाणे, भाजलेलं कणीस यांना माझी काहीच हरकत नाही. ऐकतात. गोड बंद करा म्हटलं तर कुणीच ऐकत नाही, मीही ऐकत नाही.

ब्रशबद्दल माझीच एक फजिती सांगतो. अगदी सुरुवातीच्या काळात एका वस्तीवर दोनशे ब्रश वाटले, फोटो काढला, परत आलो. चार महिन्यांनी गेलो तर एका ब्रशने मेंढराच्या खुरातल्या जखमेला औषध लावणं चाललं होतं आणि दुसरा शिवणयंत्राला तेल घालायला ठेवला होता. मला राग आला होता, आता येत नाही. तळावर पाणी हंड्याने मोजून येतं. मी मात्र सांगून आलो होतो, चूळ भरभरून तोंड धुवा. कोण धुणार?

खरं तर चूळ भरायची गरजच नाही. फ्लोराइडची पेस्ट वापरायची, फेस थुंकायचा आणि पाण्याने तोंड खळखळायचं नाही; थोडं फ्लोराइड दातावर राहिलं तर ते काम करत राहतं. म्हणजे ज्याच्याकडे पाणी कमी त्याला हा नियम सोयीचाच आहे. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, त्यापुढे थोडी जास्त चालेल. पाकिटावर 1000 पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं बघायचं. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लांब वळवळती पेस्ट लहान पोराला नको, ते गिळतं. आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्याने फिरवावा, निदान रात्रीचा. ज्या आईचे हात संध्याकाळी कोकरांत गुंतलेत तिला दोन वेळा सांगू नका. एकच वेळ सांगा, झोपायच्या आधीची.

ब्रश नसेल तर काय? बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी चालते, टोक चावून कुंचला करून. काडीत फ्लोराइड नाही, पण काडीने मळ निघतो. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, वाळू बंद करायला सांगा. त्याने कवच घासून जातं आणि थंड पाण्याने दात ठणकतात. मिश्रीबद्दल मात्र मी कडक आहे. आपला भाग निपाणीचा, तंबाखू कुठल्या घरात नाही? तव्यावर भाजून केलेली मिश्री आई घासते आणि शेजारी बसलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या बोटावरही चिमूटभर ठेवते. दात येताना हिरडी शिवशिवते म्हणून तान्ह्याच्या हिरडीला चोळलेलीही मी पाहिली आहे. तंबाखू भाजली तरी तंबाखूच राहते. लहान बाळाला त्यातल्या निकोटिनची विषबाधा होऊ शकते, आणि सहा वर्षांना लागलेली चटक सोळाव्या वर्षी गुटख्याकडे नेते. तोंडाचा कर्करोग झालेले लोक मी बघतो. त्यांच्यातल्या कित्येक बायकांनी आयुष्यात मिश्रीशिवाय काही घेतलेलं नसतं. (दात येताना जुलाब होतात हाही समज आहे. जुलाब दातांमुळे होत नाहीत. बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, त्यामुळे होतात. त्याला ओआरएस द्या.)

दाढदुखीवरचे घरगुती उपाय तुम्ही लिहिलेत, त्यातले बरेच निरुपद्रवी आहेत. लवंग धरली तर थोडा वेळ बरं वाटतं. पण बिब्बा लावू देऊ नका, हिरडी आणि गाल भाजून निघतो. गालावर डाग देऊ देऊ नका. दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर ठेवली की तिथे पांढरा चट्टा पडतो. गोळी गिळायची असते. मुलाला पॅरासिटामॉल चालतं, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या पोराला 200 ते 300 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. ॲस्पिरिन मुलांना नको.

आणि ते कीड काढणारे. जत्रेत भेटतात, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतही मी पाहिले आहेत. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने धूर तोंडात घेतात आणि मग पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवतात. ते किडे बियांतून आलेले असतात. उष्णतेने बी फुटतं आणि आतला पांढरा अंकुर बाहेर पडतो. पोर शेजारी न बसवता, नुसत्या वाटीवर धूर धरला तरी "किडे" पडतात. मी एकदा शाळेत हा प्रयोग पोरांसमोर केला होता; तुम्हीही करू शकता, विज्ञानाच्या तासाला. दाताला कीड लागते हा शब्द आपल्या भाषेनेच घोळ करून ठेवलाय. त्या भोकात अळी नसते, डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात.

दोन-तीन गोष्टी पालक रोग समजून घाबरतात, त्या झटकन सांगतो. पक्का दात दुधाच्या दातापेक्षा पिवळसरच असतो, शेजारी उभा राहिला की जास्त पिवळा वाटतो. सात ते अकरा वर्षांत वरच्या मधल्या दोन दातांत फट दिसते, सुळे आले की बहुतेक मिटते. सगळ्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी आडवे पट्टे असतील आणि वस्तीतल्या बऱ्याच पोरांना तसेच असतील तर घरच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा पर्यायच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. आणि बेलभंडाऱ्याने पिवळी झालेली जीभ दोन दिवसांत पहिल्यासारखी होते!

आता इलाज कधी. आमच्याकडची शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण तेव्हा हवा छान असते आणि पाहुण्यांना यायला सोयीचं पडतं. नेमकी तेव्हा वस्ती रिकामी असते. गुरुजी, तुम्ही करायचं असेल तर हे एक काम करा: सगळं मिरगानंतर आणि दिवाळीच्या आत बसवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, 2013 पासून सुरू असलेलं, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यायचं असतं. त्यांच्या तपासणीत किडके दातही बसतात. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जूनमध्येच पत्र द्या की आमची पोरं ऑक्टोबरपर्यंतच सापडतात. तारीख बदलून देतात, फक्त कुणीतरी मागावं लागतं. पुढे पाठवायची चिठ्ठी कन्नडमध्ये येईल, आईला मराठीत समजावून सांगा आणि पोराला, त्याला जी येते त्या मिसळीत.

दंतवैद्याकडेही आता असे उपाय आहेत जे जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या तोंडावर एकदा केले तर वर्ष निघतं. फ्लोराइडचं वार्निश दातांना ब्रशने लावतात, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. दोनदाती पोराच्या मागच्या दाढेच्या खाचा ग्लास आयोनोमर सिमेंटने बुजवता येतात, म्हणजे बिस्किटाला बसायला जागाच राहत नाही. छोटी कीड असेल तर ती नुसत्या हातातल्या हत्याराने खरवडून तेच सिमेंट भरता येतं. वीज नको, यंत्र नको, बहुतेक वेळा सुई नको. ही पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात निघाली, जिथे दवाखाना गावापर्यंत पोहोचत नव्हता. आपल्या भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांना पावसाळ्यात ओढे भरले की काय वेगळं असतं? आणि लहान, रडणाऱ्या पोराच्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावला तर कीड बऱ्याचदा तिथेच थबकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइडची पेस्ट, तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. एक अडचण आहे, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आईला हे आधी सांगावंच लागतं. मागच्या दाढेला कुणी नाही म्हणत नाही. पुढच्या दाताला म्हणतात, मुलगी असेल तर हमखास. जास्त पोखरलेल्या दुधाच्या दाढेला स्टीलची टोपी बसवतो. ती बायकांना चांदीची वाटते, त्यामुळे तिला मात्र मागणी आहे.

बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं, दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. शिकाऊ डॉक्टर बघतात म्हणून बिचकू नका, त्यांच्या मागे शिक्षक उभे असतात.

बिऱ्हाडावरच्या पोरांना दात किडण्याइतकाच धोका दात पडण्याचा. घोड्यावर भांडी-कोंबड्यांच्या वर बसवलेलं पोर घसरतं, पालवा धडक देतो, पुढचा पक्का दात मुळासकट निखळतो. तो दात चुलीत किंवा वळचणीला टाकू नका. त्याला मुळाकडे हात न लावता, पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, माती असेल तर दुधात बुडवून हलकेच हलवायचा, घासायचा नाही. पोर शांत असेल तर तिथल्या तिथे जागेवर दाबून बसवायचा आणि पदर चावायला द्यायचा. जमत नसेल तर वाटीभर दुधात टाकून जवळच्या दंतवैद्याकडे पळायचं. पाण्यात ठेवू नका, पाण्यात मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात बसला तर उत्तम, तासाच्या वर गेला तर आशा कमी होत जाते. शहरातल्या आईला अशा वेळी दूध शोधावं लागतं. धनगराच्या तळावर ते दहा पावलांवर असतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागेल, जमीन मेंढरांची आहे. दुधाचा दात निखळला तर मात्र परत बसवायचा नाही, त्याच्याखाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. दोनदाती की आदत, हा प्रश्न इथेही आधी विचारायचा.

आता तुमची दुसरीतली मुलगी. महिन्या-दीड महिन्याने गाल सुजतो याचा अर्थ दाढेच्या आतली नस मेली आहे आणि मुळाशी पू आहे. मेडिकलमधून दर वेळी तीन दिवसांच्या गोळ्या आणल्यामुळे सूज उतरते आणि घरचे समजतात बरं झालं. गोळ्यांनी पूचा उगम जात नाही. सात वर्षांच्या मुलीच्या पक्क्या दाढेची मुळं अजून पूर्ण बंद झालेली नसतात, त्यामुळे तिचा इलाज मोठ्या माणसाच्या रूट कॅनालपेक्षा वेगळा आणि चार-पाच खेपांचा असतो. दाढ वाचेल की नाही ते एक्स-रे पाहिल्यावर कळेल. नाहीच वाचणार असली, तरी ती योग्य वेळी काढली तर मागची बाराव्या वर्षाची दाढ पुढे सरकून जागा बऱ्यापैकी भरते. ती वेळ साधारण आठ ते दहा वर्षांची, तोपर्यंत दाढ शांत ठेवता येते का ते बघावं लागेल. घाईने उपटायला कुणाला देऊ नका.

सूज डोळ्याकडे चढली, किंवा जबड्याखाली उतरून मानेकडे गेली, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, किंवा तापाने अंग भाजायला लागलं, तर शिबिराची, सोमवारची, बापाच्या परतण्याची वाट बघायची नाही. त्याच रात्री सरकारी रुग्णालयात, बेळगावला.

तसं काही नसेल तर तिला येत्या आठवड्यात सकाळच्या वेळी पाठवा. उपाशी आणू नका, भाकरी खाऊन येऊ दे. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामी असली तरी. आजीला बरोबर घ्या, निर्णय तिचा चालतो असं तुमच्या पत्रावरून दिसतं. आणि लहान भाऊ असेल तर त्यालाही आणा, दोनदाती झालाय का बघू.